भावी नगरसेवकाचा चेहरा

नाशिकच्या अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागलेली स्कूटर ताशी चाळीसच्या वेगाने गेली, तर सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. रस्त्याकडेच्या दहा बाय आठच्या फ्लेक्सवरचा चेहरा तीस-पस्तीस मीटरवरून नीट ओळखू यायला लागतो. म्हणजे उमेदवाराच्या वाट्याला मतदाराचे तीन सेकंद येतात, आणि त्यातला एक खड्डा चुकवण्यात जातो. उरलेल्या दोन सेकंदांत नाव अर्धंमुर्धं वाचून होतं, घोषणा तर कोणीच वाचत नाही. डोक्यात शिरतो तो चेहरा.

यावर आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘लोक काय हो, थोबाड बघून मतं देतात’. दुसरं याच्या बरोबर उलट: ‘आमच्याकडे जात चालते, पाकीट चालतं, पक्ष चालतो, दिसण्याला कोण विचारतो?’ दुसरं मत मांडणारा स्वतःला जास्त व्यवहारी समजतो. पण तोच माणूस तिकीटवाटपाच्या वेळी म्हणतो, ‘पोरगा चांगला आहे, पण पुढारी वाटत नाही.’ हे ‘वाटणं’ म्हणजे काय, ते कुठे बनतं आणि कधी चालतं, हा खरा प्रश्न आहे.

यावर जगात बराच अभ्यास झालाय. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अलेक्झांडर टोडोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना अमेरिकेतल्या निवडणुकांमधल्या विजेत्याचा आणि उपविजेत्याचा फोटो शेजारी शेजारी दाखवला आणि विचारलं, या दोघांतला जास्त सक्षम कोण वाटतो? चेहरा आधीपासून ओळखीचा असेल तर ते उत्तर बाद. सिनेटच्या सुमारे ७२ टक्के आणि प्रतिनिधिगृहाच्या सुमारे ६७ टक्के लढतींत ‘सक्षम वाटणारा’च प्रत्यक्षात निवडून आला होता. फोटो फक्त एक सेकंद दाखवला तरी अंदाज फारसा बिघडला नाही. पुढे २००९ साली स्वित्झर्लंडमधल्या पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांच्या जोड्या दाखवून विचारलं, समुद्रप्रवासाला निघायचंय, बोटीचा कप्तान कोणाला कराल? मुलांनीही ७१ टक्के वेळा जिंकलेल्यावरच बोट ठेवलं. मेक्सिको आणि ब्राझीलमधल्या उमेदवारांचे चेहरे अमेरिकेतल्या आणि भारतातल्या लोकांना दाखवले, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांची पसंती बरीच जुळली आणि निकालाशीही जुळली. म्हणजे आपले डोळे काही वेगळ्या मातीचे नाहीत.

पण हे आकडे वाचताना लोक नेहमी एक चूक करतात. ७२ टक्के याचा अर्थ ७२ टक्के निवडणुका चेहऱ्याने ठरल्या, असा होत नाही. नाणं उडवलं तरी ५० टक्के बरोबर येतात. शिवाय पक्ष आपले रुबाबदार उमेदवार चुरशीच्या किंवा जिंकण्यासारख्या जागांवरच देतो, आणि पडेल जागेवर जो तयार होईल तो. मग चेहऱ्याने जागा जिंकली, की जागेने चेहरा ओढून आणला? संशोधकांमध्ये यावर वाद आहे आणि तो खरा आहे. (केनेडी-निक्सन वादचर्चेची गोष्ट सगळेच सांगतात: रेडिओवर निक्सन जिंकला, टीव्हीवर केनेडी. त्या दाव्यामागचा पुरावा फार कच्चा आहे. ती गोष्ट आता सोडून द्यावी.)

या अभ्यासांतली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. दिसण्याचा परिणाम सगळ्या मतदारांवर सारखा होत नाही. ज्याला राजकारणाची माहिती कमी आणि जो पडद्यावर चेहरे जास्त बघतो, त्याच्यावर तो सर्वांत जास्त होतो. आणि लोकांना ‘नीट विचार करून सांगा’ असं बजावलं की चेहऱ्यावरून बांधलेले अंदाज निकालाशी कमी जुळतात. म्हणजे चेहरा पोकळी भरतो. जिथे उमेदवाराबद्दल दुसरं काही ठाऊक नसतं, तिथे तो येऊन बसतो.

आता नाशिककडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग: २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. जुनीच लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं येतात. मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबायचं. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ दाबायचं, पण चारही झाल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. चार जागांना मिळून वीस-पंचवीस उमेदवार असणं नवलाचं नाही. सिडकोत राहणाऱ्या, अंबडला पाळीवर जाणाऱ्या माणसाला या पंचवीसांतले किती ठाऊक असतील? एक, फार तर दोन. उरलेली दोन-तीन बटणं तो चिन्ह आणि चेहरा यांच्या आधाराने दाबतो. यात त्याचा आळस नाही, रचनाच तशी आहे.

त्यात भर म्हणजे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवक नव्हते. महासभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, कोणी काय प्रश्न विचारला आणि कोण गप्प बसला हे बघायला जागाच नव्हती. फ्लेक्स मात्र होते. ‘माजी’ आणि ‘भावी’ दोघांकडेही लोकांसमोर ठेवायला उरला तो चेहराच, आणि तो त्यांनी पंचवटी कारंजापासून बिटको चौकापर्यंत ठेवला.

हा चेहरा बनतो कसा, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे.

अर्ज भरायच्या आठवड्यात कुठल्याही फ्लेक्सवाल्याच्या डिझायनरसमोर बसलं तर कळतं की साठ टक्के काम फोटो दुरुस्त करण्याचं असतं. कार्यकर्ता फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवतो. तो तिथे आधीच दाबला गेलेला असतो. दहा फुटांवर ताणला की गालावर चौकोन दिसायला लागतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य डिझायनर दिवसातून वीस वेळा बोलतो. दुसरी अडचण अंतराची. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण एवढ्या जवळून पुढची गोष्ट प्रमाणाबाहेर मोठी दिसते. दीड-दोन मीटर मागे सरकून, झूम वापरून काढलेला चेहरा माणसासारखा दिसतो. तिसरी अडचण उजेडाची. संपर्क कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि भला माणूस रागीट, नाहीतर रात्रभर जागलेला दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा. छातीच्या उंचीवरून काढला तर हनुवटी दुहेरी होते आणि नजर वरून खाली येते. बघणाऱ्याला ती मग्रुरी वाटते. जाणता छायाचित्रकार उमेदवाराला खिडकीच्या बाजूच्या उजेडात उभा करतो, खांदे थोडे तिरके, मान सरळ, आणि तीन मुद्रा घेतो: हात जोडलेला, हात उंचावलेला, नुसताच बघणारा. पहिली पत्रकाला, दुसरी फ्लेक्सला, तिसरी अर्जाला.

मग सुरू होतो गोरेपणाचा कार्यक्रम. पडद्यावर चेहरा जेवढा उजळ दिसतो तेवढा छापताना राहत नाही. छपाईच्या शाईत त्वचा लालसर किंवा काळपट होते, म्हणून डिझायनर आधीच दोन पायऱ्या उजळ करतो. इथपर्यंत ते तांत्रिक आहे. पण पुढे ‘अजून थोडा’ असं सांगणारा माणूस मागे उभा असतो. सुरकुत्या जातात, डोळ्यांखालची वर्तुळं जातात, केस काळे होतात, आणि शेवटी मेणाचा पुतळा तयार होतो. त्याचे परिणाम लगेच भोगावे लागतात. पदयात्रेत उमेदवार दारात येतो तेव्हा आजीबाई विचारतात, ‘अहो, ते स्वतः नाही आले का?’ दहा वर्षांपूर्वीचा फोटो वापरणाऱ्यांचं तर हे ठरलेलंच. फ्लेक्स ओळख करून देण्यासाठी असतो. ओळखच पटली नाही तर त्या कापडाचा पैसा वाया गेला.

सगळ्यात मोठी चूक मात्र फोटोत नसते, मांडणीत असते. वरच्या पट्टीत दिल्लीचे, मुंबईचे नेते, मग जिल्ह्याचे, मग शहराध्यक्ष, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून बारा गोल. वीस चेहरे. क्रम चुकला की फोन येतो, म्हणून कोणालाच वगळता येत नाही. तीन सेकंदांच्या रस्त्यावर वीस चेहरे म्हणजे एकही चेहरा नाही. एक मोठा चेहरा, एक चिन्ह, एक नाव एवढंच असलेला फ्लेक्स चार फुटांचा असला तरी वीस फुटी गर्दीपेक्षा जास्त काम करतो. हे डिझायनरला माहीत असतं, उमेदवारालाही माहीत असतं. तरी वीसच्या वीस छापले जातात, कारण तो फ्लेक्स मतदारासाठी नसतोच. तो वरच्या पट्टीतल्या लोकांनी बघावा म्हणून असतो.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. आपल्याकडे ‘दिसणं’ म्हणजे देखणेपणा नव्हे. टोडोरोव यांच्या अभ्यासातही निकालाशी जुळत होतं ते ‘सक्षम वाटणं’. देखणा आहे का, हा प्रश्न तिथे मागेच राहिला. गोल, बाळसेदार चेहऱ्याला लोक प्रेमळ समजतात पण कर्तबगार समजत नाहीत, हेही या क्षेत्रात जुनंच निरीक्षण आहे. आपण त्यावर आपले थर चढवले आहेत: पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, जॅकेट, कपाळावर गंध. छगन भुजबळांचा गळ्यातला मफलर घ्या. तो आता कपडा राहिलेला नाही, ती सही आहे. गर्दीत पाठमोरे उभे असले तरी येवल्यातला माणूस ओळखेल. शरद पवारांचा चेहरा मुखाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेनंतर बदलला, ते स्वतः त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. सौंदर्याच्या कुठल्याही फूटपट्टीवर तो बसणार नाही. आणि १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात भिजत ते बोलत राहिले, तेव्हा त्याच चेहऱ्याचं आणि त्या भिजलेल्या अंगाचं चित्र राज्यभर गेलं. शरीर तिथे पुरावा म्हणून उभं होतं: हा माणूस या वयात, या आजारानंतर अजून उभा आहे. याला रूप म्हणायचं की काम, ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्या मते त्या क्षणी दोन्हीत फरक उरला नव्हता.

चेहऱ्याची मर्यादा बघायची तर नाशिकइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. राज ठाकरे यांची ठेवण, बोलण्याची ढब, मान वळवण्याची पद्धत बाळासाहेबांची आठवण करून देणारी आहे, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. २००९ च्या विधानसभेत मनसेने शहरातल्या नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा घेतल्या. २०१२ मध्ये महापालिकेत ४० जागा आणि महापौरपद. २०१७ मध्ये? पाच. चेहरा तोच होता, आवाज तोच होता, सभेचं गोल्फ क्लब मैदानही तेच होतं. पाच वर्षांत नाशिककरांकडे तुलना करायला दुसरं काहीतरी आलं होतं: हातात सत्ता असलेली पाच वर्षं. त्यांनी केलेला निवाडा बरोबर होता की नाही, यावर अजून वाद होतो. शिवाय राज्यातली हवा तोवर बदलली होती, तेही खरं. पण चेहऱ्याला मत देणारा मतदार भाबडा असता, तर ४० चे पाच झाले नसते.

बायकांच्या बाबतीत सगळं गणित आणखी वाकडं होतं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये ५० टक्के आरक्षण आहे. नाशिकच्या १२२ पैकी ६१ जागा महिलांच्या. फ्लेक्स बघा. तिच्या शेजारी नवऱ्याचा चेहरा, बहुतेक वेळा तेवढाच मोठा, कधी कधी मोठाच. नावाखाली ‘सौ.’ आणि मग नवऱ्याचं टोपणनाव, जे प्रभागात सगळ्यांना ठाऊक असतं. तिने काठपदराची साडी नेसायची, पदर डोक्यावर की खांद्यावर हे प्रभाग बघून ठरतं: जुन्या नाशकात एक, कॉलेज रोडला दुसरं. लिपस्टिक जास्त झाली की ‘ही काय काम करणार’, काहीच नसलं की ‘घरातून उचलून आणली’. पुरुषाच्या टकलावर, पोटावर अशी चर्चा होत नाही. सुटलेलं पोट उलट ‘वजनदार’ माणसाची खूण समजतात. पुरुषाचा चेहरा तो कसा आहे हे सांगतो असं आपण मानतो, बाईचा चेहरा ती कोणाची आहे हे सांगण्यासाठी वापरतो. दिसण्याचा परिणाम ‘सगळीकडे असतोच’ असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी ही बाजू बघावी.

मग लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवरचा फोटो? तो आला २०१५ मध्ये. निवडणूक आयोगाने तो आणला रूप दाखवायला नव्हे, तर सारख्या नावाच्या उमेदवारांमुळे होणारा घोळ टाळायला. नियम नेमका आहे: दोन सेंटीमीटर बाय अडीच सेंटीमीटर, गेल्या तीन महिन्यांतला, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर, चेहरा समोर, डोळे उघडे, भाव तटस्थ, गणवेश नको, टोपी आणि काळा चष्मा टाळायचा. आधी तो कृष्णधवल छापत. २०२५ मध्ये आयोगाने रंगीत फोटो आणि चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग चेहऱ्याला देण्याचं ठरवलं, सुरुवात बिहारपासून झाली.

या फोटोची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत शरद पवार गटाचे भास्कर भगरे उभे होते, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतपत्रिकेवर अपक्ष बाबू भगरे, चिन्ह ट्रम्पेट, ज्याचं मराठी नाव छापलं गेलं ‘तुतारी’. दोघांच्याही नावापुढे ‘सर’. प्रचाराला फार न फिरलेल्या अपक्षाला पडलेली मतं: १ लाख ३ हजार ६३२. भास्कर भगरे १ लाख १३ हजारांच्या फरकाने निवडून आले म्हणून गोष्ट तिथेच मिटली. फरक कमी असता तर ती न्यायालयात रंगली असती. ती सगळी मतं चुकूनच गेली असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण एवढी मतं त्या अपक्षाची स्वतःची होती असं मानायला फारच उदार मन लागेल. दोघांचे फोटो नियमाप्रमाणे मतपत्रिकेवर असायचे होतेच. तरी डोळा गेला ‘तुतारी’ या शब्दाकडे आणि ‘भगरे सर’ या नावाकडे. मत कोणाला पडलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, चेहरा नसतो. म्हणजे चूक पकडायच्या जागीही फोटो मदतीला येत नाही.

दोन्ही टोकं एकत्र धरली की चित्र स्पष्ट होतं. रस्त्यावर चेहरा दहा फुटांचा आणि मनासारखा रंगवलेला. यंत्रावर तो टपाल तिकिटाएवढा. जिथे तो फसवू शकतो तिथे प्रचंड, जिथे ओळख पटवायची तिथे इवलासा. हे उलटं व्हायला हवं, आणि ते करायला कोणाला बोधामृत पाजायची गरज नाही.

पहिली गोष्ट हिशेबाची. लोकसभा-विधानसभेला उमेदवाराचा खर्च लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचाच धरतात. त्याआधी दोन वर्षं लागलेले वाढदिवसाचे, दहीहंडीचे, सिंहस्थाच्या स्वागताचे फ्लेक्स हिशेबात येत नाहीत. चेहरा परिचयाचा करण्याचं खरं काम तेव्हाच होतं. पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट माणसाला आवडू लागते, हे मानसशास्त्रात १९६८ पासून मांडलेलं आहे. ज्याच्याकडे दोन वर्षं फ्लेक्स लावायला पैसा आहे त्याचा चेहरा आपोआप ‘आपला’ वाटू लागतो. यावर उपाय नवा कायदा नव्हे. विनापरवानगी फलकांविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, उच्च न्यायालयाचे २०१७ चे आदेश आहेत. विभागीय अधिकाऱ्याने फ्लेक्स उतरवताना नुसता ट्रकमध्ये टाकू नये. कोणाच्या चेहऱ्याचा, किती चौरस फूट, कुठे, किती दिवस, याची नोंद ठेवावी आणि अर्ज भरायच्या दिवशी ती यादी जाहीर करावी. महापालिकेच्या सहा विभागांत मिळून हे काम एका वहीत मावेल.

दुसरी गोष्ट फोटोची. पासपोर्टसाठी आपण फोटो घरून नेत नाही, तिथेच काढतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज स्वीकारताना तेच करावं. एक कॅमेरा, एक पांढरा पडदा, डोळ्यांच्या उंचीवर तिपाई, दोन मीटर अंतर, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. सगळ्यांना सारखंच. मग हाच फोटो मतपत्रिकेवर आणि केंद्राबाहेरच्या यादीत. केंद्राबाहेर तो पोस्टकार्डाएवढा छापावा, शेजारी चिन्ह, आणि खाली शपथपत्रातल्या चार ओळी: वय व शिक्षण, प्रलंबित गुन्हे, मालमत्ता आणि देणी. आधी नगरसेवक असेल तर पाचवी ओळ, महासभेतली हजेरी; ती नगरसचिवांच्या दप्तरात असतेच. महिला उमेदवाराच्या चौकटीत तिचा एकटीचाच चेहरा.

चेहरा बघू नका असं मतदाराला सांगून उपयोग नाही, तो बघणारच. रांगेत उभं राहिल्यावर वीस-पंचवीस मिनिटं त्याच्या हातात दुसरं काही नसतं, मोबाइलही आत नेता येत नाही. तीन सेकंदांत झालेली ओळख तपासून घ्यायला एवढा वेळ पुष्कळ आहे, फक्त भिंतीवर वाचायला काहीतरी हवं. आणि अर्ज भरतानाच्या फोटोला दर उमेदवारामागे पाचेक मिनिटं धरा. डोळे मिटले गेले तर दुसरी संधी द्यावी, तिसरी नको. रांगेत मागे विरोधी पक्षाचा उमेदवार ताटकळत असतो, आणि त्यालाही केस विंचरायचे असतात.